हाफ क्लच आणि लहान मेंदू

साताऱ्यात आमच्या वहिनींनी लर्निंग लायसन्स काढलं आणि पुढचे दोन महिने मोबाईलवर गाडी शिकवणारे व्हिडिओ पाहिले. "आधी सगळं नीट कळू दे, मग स्टेअरिंगला हात लावते," हे त्यांचं म्हणणं. क्लच, गिअर, ब्रेकचा क्रम तोंडपाठ झाला. मग मैदानावर पहिल्याच तासात गाडी अकरा वेळा बंद पडली. "माझी अजून तयारी झाली नाही," म्हणत वहिनी हिरमुसून घरी आल्या. मला वाटतं, तयारी त्या तासालाच सुरू झाली.

शाळेत अनुमस्तिष्काबद्दल आपण एकच ओळ पाठ करतो: शरीराचा तोल सांभाळणे. हा लहान मेंदू वजनाने अख्ख्या मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. पण मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटी इथेच दाटीवाटीने राहतात. त्यांतली पर्किंजे पेशी माझी सर्वांत आवडती. तासगावच्या बागेत तारेवर पसरलेल्या द्राक्षवेलीसारख्या तिच्या फांद्या एकाच प्रतलात पसरतात. त्या फांद्यांना आडवे छेदत समांतर तंतू जातात, एका पेशीमागे लाखाहून जास्त. पाय कुठे आहे, पेडल किती दाबलंय, अशा खबरा ते आणतात. याखेरीज तिला एकच आरोही तंतू वेढा घालून बसलेला असतो. एरवी तो सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, म्हणजे संदेश धाडतो. गाडी हिसका देऊन बंद पडली, म्हणजे अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं, की तो नेमका त्या वेळी बोलतो. त्याच सुमारास जे समांतर तंतू बोलत होते, त्यांचे पेशीशी असलेले जोड कमकुवत होतात. पर्किंजे पेशीचं काम पुढच्या पेशींना थोपवण्याचं असल्यामुळे, तिला चेतवणारे जोड ढिले पडले की पुढचा लगाम सुटतो आणि पुढच्या वेळी पाय थोडा वेगळा उचलला जातो. असं होत असावं हे संशोधक जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये मांडलं. जपानी मेंदूशास्त्रज्ञ मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सशाच्या मेंदूत ते दाखवलं. मेंदूचे इतर भागही शिकतात, पण चुकीवर चालणारी ही दुरुस्ती मुख्यतः इथली.

व्हिडिओ पाहून क्रम कळतो, तो उपयोग आहेच. पण पाय हललेलाच नसेल तर पायाची चूक कुठून येणार?

म्हणूनच 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू 'जागा' करून त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावण्याचा दावा करणाऱ्या, वर्गांची मला चीड येते. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, आणि पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून पाहतात. दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी पालकांनी त्यासाठी पैसे मोजू नयेत.

एक प्रयोग फार बोलका आहे. दृश्य एका बाजूला सरकवणारा लोलकाचा चष्मा लावून लक्ष्यावर चेंडू फेकायचा. सुरुवातीचे नेम चुकतात, पंचवीस-तीस फेकींत हात जुळवून घेतो. चष्मा काढला की नेम उलट्या बाजूला चुकतो, कारण दुरुस्ती हातात मुरलेली असते. लहान मेंदूला इजा झालेल्यांपैकी अनेकांना हे जुळवून घेणं जमत नाही.

वहिनी आता यवतेश्वरच्या घाटात चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलतात. परवा त्यांनी माझी गाडी घेतली. तिचा क्लच फार वर सुटतो. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली.