खान्देशातली शाश्वत विकास ध्येयं

शाश्वत विकास ध्येयं म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मान्य केलेली १७ ध्येयं, मुदत २०३० पर्यंतची. बोलताना सगळे एसडीजीच म्हणतात. गरिबी, भूक, आरोग्य, पाणी, ऊर्जा, हवामान असं बरंच काही त्यात येतं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं आहेत. पण जळगाव, धुळे, नंदुरबार म्हणजे खान्देशाचं बोलायचं तर सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते (ध्येय ६), कारण पीक, मजुरी, पोरांची शाळा सगळं इथे पाण्यावरच अडतं.

आणि हे नाव यायच्या कितीतरी आधीपासून काम चालू होतं. पांझरा नदीवरची फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुतेक ठिकाणी चार भाग, त्यांनाच फड म्हणतात. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट, आणि पाणी कमी असलं की कुठला फड भिजवायचा ते गावच ठरवणार. पाणी द्यायला पाटकरी असतो, तो फावड्याने एका शेताचं तोंड मातीने बुजवतो आणि पुढच्याचं फोडतो, शेतमालकाने स्वतः हात लावायचा नाही. समन्यायी वाटप म्हणतात ते हेच.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून तिथले नेते अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या आखणीने नाले रुंद-खोल केले आणि त्यावर ओळीने सिमेंट बंधारे बांधले. तापीकाठच्या गाळाच्या भागात वरची पिवळी माती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ती कापून खालच्या वाळूच्या थरापर्यंत खोदायचं, मग पाणी मुरतं आणि विहिरींना येतं. 'शिरपूर पॅटर्न' म्हणतात तो हाच.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. आदिवासी पाडा, आजूबाजूचं जंगल तुटून गेलेलं. १९९० च्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी स्वतःच कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडलं की दंड, राखणही गावाचीच. आज ४०० हेक्टरहून जास्त जंगल उभं आहे, गावात भात होतो, आणि दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते त्यात बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर हे ध्येय १५ (जमिनीवरचं जीवन, जंगल), पण गावाला पाणी आणि सरपण हवं होतं, एवढंच.

उद्योगांकडे बघितलं तर पहिलं नाव जळगावच्या जैन इरिगेशन या ठिबक बनवणाऱ्या कंपनीचं. तिचे संस्थापक भवरलाल जैन यांनी ठिबक केळीवाल्यांपर्यंत नेलं, मग टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) जी-नाईन जातीच्या केळीची रोपं आली आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या तालुक्यांचं चित्रच पालटलं. ठिबकने एका झाडामागे पाणी वाचतं हे खरंच, पण वाचलेल्या पाण्यावर अजून केळी लागते आणि बोअर अजून खोल जातात, म्हणून नुसत्या यंत्रावर भागत नाही, फडासारखा एकत्र नियमही लागतो असं मला मनापासून वाटतं. जळगावात जुन्या प्लास्टिकपासून चटया बनतात, ते ध्येय १२ मध्ये (जबाबदार उत्पादन आणि वापर) बसतं. केळीचं खोडही तसंच, एका खोडाला एकच घड, घड कापला की खोड बांधावर नाहीतर रस्त्याकडेला पडून सडतं, खरं तर मशीनमधून काढलं तर त्याचा धागा निघतो. साक्रीच्या माळावर पवनचक्क्या आणि सोलर प्रकल्प आहेत (ध्येय ७).

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, सीएसआर म्हणतात तो. डाळमिलसारखे छोटे कारखाने बहुतेक त्यात येत नाहीत, म्हणून हा पैसा ठराविक ठिकाणीच दिसतो.

सगळ्यात मागे नंदुरबार. २०१८ मध्ये केंद्राने त्याला आकांक्षित जिल्हा, म्हणजे विकासात मागे पडलेला आणि खास लक्ष द्यायचा जिल्हा ठरवलं. अक्कलकुवा, धडगावकडे कुपोषण (ध्येय २) अजून आहे आणि त्याची एक गाठ स्थलांतरात आहे, दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, लेकरं सोबत जातात, आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात त्यांच्या वजनाचे रकाने पुढचे काही महिने कोरेच राहतात.