मणक्यातला कर्करोग आणि पहिली सुई

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे पाठ धरून येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे साधेच निघते, आणि मणक्यात कर्करोग सापडलाच तर तोही बहुधा स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटमधून तिथवर पोहोचलेला असतो. मणक्याच्या हाडातच उपजणारा कर्करोग मात्र फार विरळा. त्यातला कॉर्डोमा तर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला जेमतेम एखाद्याला होतो. गर्भात कणा घडण्याआधी असणाऱ्या लवचिक दांड्याच्या, म्हणजे पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्ड), मागे राहून गेलेल्या पेशींतून तो उद्भवतो, आणि म्हणूनच तो कवटीच्या तळाशी व त्रिकास्थीत (माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडात), म्हणजे कण्याच्या दोन टोकांना, अधिक आढळतो. वाढ इतकी संथ की बसताना टोचणारे दुखणे लोक वर्षानुवर्षे माकडहाडाच्या माथी मारतात.

हाडातच उपजणाऱ्या यूइंग सार्कोमा या दुसऱ्या कर्करोगावर केमोथेरपी चांगली चालते. कॉर्डोमा आणि काँड्रोसार्कोमा (कूर्चा तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग) तिला फारसे बधत नाहीत. त्यामुळे गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी पेशींच्या आवरणासह, एकसंध काढणे हाच मुख्य उपाय ठरतो. गाठ फुटली तर तिच्या पेशी जखमेत सांडतात आणि तिथेच पुन्हा रुजू शकतात.

येथे बायॉप्सीचा, म्हणजे निदानासाठी सुईने गाठीचा तुकडा काढण्याचा, प्रश्न येतो, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच टप्प्याकडे होते. सुई ज्या वाटेने गेली त्या वाटेतही पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून पुढे शस्त्रक्रियेत ती वाट, त्वचेवरच्या छिद्राभोवतीच्या लंबगोल पट्टीसकट, गाठीबरोबरच कापून काढावी लागते. सुई भलत्या बाजूने घातली गेली असेल, तर ही वाट शस्त्रक्रियेच्या आखणीत बसत नाही. सुई कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूने ठरवावे, असा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

आखणी घड्याळासारखी असते. १९९७ साली मांडलेल्या पद्धतीत आडव्या छेदातल्या मणक्याचे बारा भाग कल्पून गाठ ‘किती ते किती’ पसरली आहे हे नोंदवतात. अडचण अशी की मणका हे मज्जारज्जूभोवतीचे कडे आहे, आणि कडे अखंड ठेवून ते रज्जूवरून काढता येत नाही. ते कुठेतरी, पण गाठ नसलेल्या जागीच, तोडावे लागते. जपानमधील कानाझावा येथील तोमिता यांनी यासाठी पोलादी तारांचा पीळ देऊन केलेली दोऱ्याएवढी बारीक करवत वापरली. ती मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडी खांबांभोवती ओवून पुढेमागे ओढतात. मागची कमान सुटते आणि मग पुढचा भाग मज्जारज्जूला वळसा देत, धक्का न लावता बाहेर घेतात. रिकाम्या जागी हाडाचे तुकडे भरलेला टायटॅनियमचा पिंजरा बसवून वरखालचे मणके स्क्रू व सळ्यांनी जखडतात.

त्रिकास्थीत मज्जारज्जू नसतो, पण मलमूत्रावर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूंची मुळे तिथूनच निघतात. त्रिकास्थीतल्या दुसऱ्या जोडीची दोन्ही मुळे गेली तर हा ताबा सहसा जातो. तिसऱ्या जोडीतले एक जरी वाचवता आले तरी तो बऱ्याचदा टिकतो. गाठीची सीमा या मुळांना भिडलेली असेल, तर कोणते मूळ सोडायचे याचा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेता येत नाही. तो आदल्या भेटींतच, कॅथेटरसह (लघवीच्या नळीसह) जगणे म्हणजे काय हे स्पष्ट सांगून, रुग्णाबरोबर बसून घ्यावा लागतो.