पार्श्वभूमी : म्हैसूरची जावा आणि ‘ओरिजिनल’चा घोळ

जुन्या जावा मोटरसायकलचा पार्ट मागायला गेलं की जाणता दुकानदार आधी विचारतो, “चेक पाहिजे, कंपनी पाहिजे की लोकल?” म्हणजे चेकोस्लोव्हाकियात बनलेला, म्हैसूरच्या कारखान्याच्या पॅकिंगमधला, की अलीकडे दिल्ली-लुधियानाकडून येणारा. तिघांचे भाव वेगळे. पहिल्या दोघांना तो ‘ओरिजिनल’ म्हणतो आणि गिऱ्हाईक नवखं दिसलं तर तिसऱ्यालाही. जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं या एका शब्दावरून होतात, आणि त्यांचं मूळ गाडी बनली कशी यात आहे.

एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांडीवर, पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल, ही या गाडीची ओळख. १९५०च्या दशकात जावा तयार गाडी म्हणून मुंबईत यायची. एक इराणी पेढी ती आयात करून विकायची. पुढे तयार गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले. विकायची तर इथे बनवा, असं धोरण ठरलं. मग त्याच मंडळींनी म्हैसूरला यादवगिरीत कारखाना काढला आणि १९६१पासून ३५३ टाइपची अडीचशे सीसीची गाडी तिथे बनू लागली.

‘बनू लागली’ हा शब्द मात्र जपून घ्यायला हवा. सुरुवातीच्या गाड्या बाहेरून सुट्या आलेल्या भागांच्या जोडणीतून उभ्या राहिल्या. परकीय चलन मोजूनमापून मिळण्याचे ते दिवस. उत्पादनाचा परवाना घ्यायचा तर दरवर्षी देशी मालाचं प्रमाण वाढवत न्यायचं, ही तेव्हाच्या सगळ्याच वाहन कारखान्यांवरची अट होती. त्यामुळे कार्ब्युरेटर, वायरिंग, स्पीडोमीटर, दिवे, सीट, रबर एकेक करून देशी झाले. हे एका तारखेला झालं नाही. बाहेरून आलेला साठा संपत गेला तसं झालं.

म्हणून १९६२ची जावा आणि १९७०ची जावा दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी आतून तशा नाहीत. पहिलीत ‘जिकॉव्ह’ कार्ब्युरेटर आणि ‘पाल’ शिक्क्याचं इलेक्ट्रिक सामान सापडलं तर ते तिचंच आहे. दुसरीत तेच सापडलं तर? तिथून वाद सुरू होतो.

एक पक्ष म्हणतो, जावा मुळात चेक. डिझाइन त्यांचं, धातू त्यांचा, दर्जा त्यांचा. म्हैसूरला जे बदललं ती परिस्थितीने लादलेली काटकसर. तेव्हा संधी मिळेल तिथे चेक पार्ट लावणं म्हणजे गाडीला तिचं मूळ रूप परत देणं. या पक्षाकडे पैसा असतो. चेक प्रजासत्ताकात जुन्या अडीचशे-साडेतीनशेंचे पार्ट आजही नवे बनतात. ते मागवायचे, कुरिअर आणि कस्टम भरायचं, आणि पेटी उघडताना व्हिडिओ काढायचा. (व्हिडिओ सक्तीचा असावा असं वाटतं.)

दुसरा पक्ष म्हणतो, १९७०ला म्हैसूरच्या फाटकातून जी गाडी बाहेर पडली ती जशी होती तीच ओरिजिनल. तिच्यावर देशी कार्ब्युरेटर होता तर देशीच हवा, भले तो चेकपेक्षा खडबडीत चालो. त्यावर प्राग-छापाचा पार्ट चढवणं म्हणजे आजोबांच्या फोटोतलं धोतर खोडून तिथे सूट रंगवणं.

मी दुसऱ्या पक्षाचा आहे, हे लपवत नाही. पण पहिल्या पक्षाची एक अडचण खरी आहे. चेक पार्ट आज मिळतो आणि म्हैसूरचा मिळत नाही. कारखाना बंद झाल्यावर डीलरांच्या फळ्यांवर जे उरलं तेवढंच ‘कंपनी’. ते वर्षानुवर्षं विकलं गेलंय. आता कंपनी पॅकिंगचा पार्ट म्हणून जे समोर येतं त्यात पॅकिंग जुनं आणि आतला माल नवा, असंही चालतं. मेणकागद पिवळा करणं काही अवघड काम नाही. जाणकार खोक्याकडे बघत नाहीत. पार्टच्या कडेवरची ओतकामाची रेघ, कोरलेल्या अक्षरांची खोली आणि हातातलं वजन बघतात.

खोकं खरं असलं तरी आतला माल चालेल याची हमी नाही. रबर तर नाहीच. अशा न वापरलेल्या जुन्या मालाला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात, पण क्रँकचं ऑइल सील चाळीस वर्षं न वापरता पडून राहिलं तर ते ‘न्यू’ नसतं, नुसतं ‘ओल्ड’ असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीची, हवाबंदी हा सगळा खेळ. सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं, आणि पिस्टन जाम होऊन गाडी हायवेवर मागचं चाक घासत थांबते. माझ्याबाबतीत ते सातारा रस्त्यावर झालं. सील पुण्यातल्या एका दुकानातून ‘अस्सल कंपनी’ म्हणून घेतलं होतं आणि ते खरंच अस्सल होतं, हीच तक्रार. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचं ताजं सील किरकोळ पैशांत मिळतं. ब्रेक शूच्या लायनिंगचंही तेच: जुना चिकटवा कधी सुटेल नेम नाही. ओरिजिनलचा आग्रह पत्रा, ओतीव भाग आणि बॅजपुरता ठेवावा.

या सगळ्यात १९७३ साल आडवं येतं. त्या सुमारास टाकीवरचं जावा हे नाव जाऊन येझदी आलं. हे नाव इराणमधल्या याझ्द शहराचं, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या अनेक इराणी कुटुंबांच्या मूळ गावाचं. गाडी मात्र रातोरात बदलली नाही. शेवटची अडीचशे जावा आणि पहिली अडीचशे येझदी यांत बॅज सोडला तर फरक शोधावा लागतो. त्या काळी गिऱ्हाइकाला याचं सोयरसुतक नव्हतं. माझ्या लहानपणी तर येझदीलाही सर्रास जावाच म्हणत. दूधवाला कॅन अडकवून जी न्यायचा ती जावा, टाकीवर काहीही लिहिलेलं असो.

नावातला हा तीळभर फरक पुढे लाखमोलाचा ठरला. आज जावाला जो भाव आहे तो येझदीला नाही. म्हणून ‘येझदीची जावा करणं’ हा उद्योग उभा राहिला. टाकीला मरून रंग, सोनेरी रेघा, बाजूला क्रोम, जावाचा बॅज, आणि झालं. आरसीवर काय लिहिलंय ते नंतर बघू. काही मिस्त्री हे उघड सांगून करतात आणि गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. त्यात फसवणूक नाही. पण तीच गाडी दोन हातांनी पुढे विकली गेली की तिसरा मालक ‘सत्तरची ओरिजिनल जावा’ म्हणून ती घेतो. चासी नंबर आणि आरसी जुळवून पाहिली तर घोळ पाच मिनिटांत उघड होतो. नंबर खोडून नवा ठोकलेला असेल तर ती हौस उरत नाही, तो गुन्हा होतो, आणि अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

टाकीच्या बाजूंचं क्रोम हा स्वतंत्र छळ आहे. जुना मुलामा उतरवायचा, पोचे काढायचे, तांब्याचा थर, पॉलिश, निकेल आणि मग क्रोम. पेट्रोलची टाकी म्हटलं की पुष्कळ प्लेटिंगवाले हात जोडतात, कारण आत पेट्रोलची वाफ राहिली तर धोका आणि आम्ल शिरलं तर आतून गंज. मग लोक चंदेरी रंग मारून मोकळे होतात. दहा फुटांवरून छान दिसतो.

आता ज्या काळात आमच्यासारख्यांनी ही गाडी प्रत्यक्ष पाहिली त्याकडे. १९७८ला येझदीची रोडकिंग आली. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एकामागून एक जपानी शंभर सीसी गाड्या उतरल्या, त्यात १९८५च्या चार-स्ट्रोक गाडीने मायलेजचं गणितच बदललं. अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक पेट्रोल पिते, हे सगळ्यांना एकदम जाणवू लागलं. १९९१ला दुचाकींच्या धुराचे पहिले निकष आले, १९९६ला ते कडक झाले, आणि त्याच वर्षी म्हैसूरचं फाटक बंद झालं. कामगारांची देणी, बँकांची देणी, न्यायालयात कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया. सुट्या भागांचा विचार करायला तेव्हा कोणाला वेळ होता?

खरा तुटवडा कारखाना बंद पडल्याने झाला नाही, पुढच्या दहा-बारा वर्षांत झाला. १९९६ ते साधारण २००८ या काळात येझदी कोणालाच नको होती. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी इंजिनं जमिनीवर पोत्यावर मांडलेली असायची. मुंबईत कुर्ल्याला त्यांचा पत्रा किलोवर जायचा. आमच्या मामांनी त्यांची रोडकिंग घरातली अडचण म्हणून भंगारवाल्याला दिली, तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. आज जे मडगार्ड, जी साइड-बॉक्सची झाकणं, जे हेडलाइटचे रिंग आपण शोधत फिरतो, ते बहुतेक त्या काळात वितळले. सरकारने किंवा कंपनीने ते नष्ट केले नाहीत, आपण केले. मेळाव्यांतल्या भाषणांत हा भाग येत नाही.

या मधल्या काळात गाड्या टिकवल्या त्या मिस्त्रींनी, आणि त्यांनी ओरिजिनलची फिकीर केली नाही. पिस्टन मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा पिस्टन लेथवर बसता करून घातला. सहा व्होल्टचे बल्ब मिळेनात तेव्हा बारा व्होल्ट केलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढलेले ओतकामाचे आणि लेथचे कारखाने आहेत. तुटलेला ॲल्युमिनियमचा भाग नमुना म्हणून दिला तर तिथे वाळूच्या साच्यात त्याची जुळी काढून देणारे लोक मिळतात. साचा काढताना एक मात्र सांगावं लागतं: धातू थंड होताना आकसतो, म्हणून जुन्याच पार्टचा थेट ठसा घेतला तर नवा किंचित लहान निघतो. चांगला पॅटर्नवाला हे न सांगता ओळखतो. आज अशाच गाड्या ‘रिस्टोअर’ करायला घेतल्या की आधीच्या मिस्त्रीचं काम ‘जुगाड’ म्हणून उपटून टाकतात. ते काम नसतं तर उपटायला गाडीच उरली नसती.

मग दिवस फिरले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी शहराशहरात जावा-येझदीवाले जमू लागले. २०१८ला एका मोठ्या उद्योगसमूहाने जावा हे नाव नव्या चार-स्ट्रोक गाड्यांवर परत आणलं, २०२२ला येझदी आणलं. येझदी हे नाव कोणाच्या मालकीचं यावर कोर्टकचेरीही झाली. नव्या गाड्यांचे पार्ट जुन्यांना लागत नाहीत, पण नावाची हवा झाली आणि गोठ्यात पडलेल्या सांगाड्यांना भाव आला. लोकल मालही सुधारला. आजचं नवं सायलेन्सर दहा वर्षांपूर्वीच्यापेक्षा पत्र्याने जाड आणि आवाजाने जवळचं आहे.

२०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले आणि ‘ओरिजिनल’ हा बाजारातला शब्द कायद्यात शिरला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती न झालेली, तिला विंटेज म्हणायचं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज कामावर न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर. पात्रता तपासायला राज्यात समिती.

नियम पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतल्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतो. जावासारख्या कामाच्या गाडीला तो कसा लावायचा? तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. पन्नास वर्षांत झिजेमुळे चारदा आतून कापून, म्हणजे रीबोअर होऊन, सिलिंडर एक मिलिमीटरने वाढला असेल तर २४९ सीसीचं इंजिन जवळपास २५७चं झालं. हा फेरफार की देखभाल? माझ्या मते देखभाल, कारण ओव्हरसाइज पिस्टन अशा वापरासाठीच बनतात. मग बारा व्होल्टचं काय? चेक कार्ब्युरेटरचं काय? आणि ज्या येझदीची जावा केली तिच्या मूळ स्वरूपात कोणतं नाव धरायचं? दोन्ही पक्ष हाच नियम आपापल्या बाजूने वाचतात. रोज गाडी चालवणारे बहुतेक जण त्या वाटेला जातच नाहीत. नेहमीचं पाच वर्षांचं फेरनोंदणीचं शुल्क भरतात. २०२२ला दुचाकीसाठी ते तीनशेवरून एक हजार झालं, पुढे जुन्या गाड्यांना आणखी वाढलं, तरीही.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर. इथेनॉल पाणी ओढतं. जुन्या रबराला आणि टाकीच्या आत मारलेल्या काही लेपांना ते सोसत नाही, आणि जिच्या ऑइलची सगळी भिस्त पेट्रोलवर आहे तिच्यात पाणी येणं म्हणजे थेट बेअरिंगवर संकट. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे ठेवायची सवय लावून घ्यावी लागतेय. जुनं रबर काढून इथेनॉल सोसणारं घालणं हे चेकवाल्यांनाही पटलंय आणि आम्हालाही. या एका बाबतीत वाद नाही.

जावा म्हणून विकलेल्या जवळपास सगळ्या गाड्यांनी एव्हाना पन्नाशी ओलांडलीय. पहिली रोडकिंग २०२८मध्ये तिथे पोचेल. तिच्यावर चेक की देशी हा प्रश्न फारसा उरणार नाही, ती म्हैसूरचीच. तिचे खरे मडगार्ड आत्ताच मिळेनासे झालेत.