डरवेंटची उलटी वाट

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, फायलिंगडेल्सच्या माळरानावर डरवेंट नदी उगम पावते. तिथून उत्तर समुद्र दहा किलोमीटरही नाही. पण नदी तिकडे फिरकतच नाही. आधी दक्षिणेला उतरते, मग पश्चिमेला वळते आणि सुमारे 115 किलोमीटर हिंडून ऊझ नदीला मिळते. हंबरच्या खाडीतून तिचं पाणी शेवटी त्याच समुद्रात पडतं!

हा वळसा बर्फाने घालायला लावला. पूर्वी डरवेंट किनाऱ्यावरच्या स्कार्बरो गावाजवळ सरळ समुद्राला मिळत असे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राच्या बाजूने सरकत आलेल्या बर्फाने ते मुख बुजवलं. कोंडलेल्या पाण्याने दक्षिणेला फोर्ज व्हॅली ही अरुंद दरी कोरली आणि ते पिकरिंगच्या खोऱ्यात उतरलं. हे खोरंही पूर्वेला समुद्राकडे उघडं, पण तिथेही बर्फ आडवा. खोऱ्याचं तळं झालं, आणि ते नैर्ऋत्येला कर्कहॅमच्या घळीतून वाहू लागलं. ही मांडणी मुळात भूवैज्ञानिक पर्सी केंडॉल यांची, 1902 सालची. पुढे तिच्या तपशिलांवर बरेच वाद झाले.

बर्फ वितळलं, तरी नदी माघारी का गेली नाही? बर्फाने आणलेली दगडमाती किनाऱ्यालगत तशीच राहिली. तिची उंची फार नाही. पण इतक्या सपाट खोऱ्यात पाणी अडवायला तेवढा उंबरठा पुरतो.

मागे उरलेल्या एका लहान तळ्याच्या काठी, स्टार कार इथे, सुमारे 11,000 वर्षांपूर्वी शिकारी राहत. तिथल्या दलदलीच्या मातीत हरणांच्या कवट्यांची, शिंगांसकट केलेली शिरोभूषणं टिकून राहिली. कवटीला भोकं पाडलेली!

कर्कहॅमच्या घळीच्या वरच्या अंगाला मॉल्टन आणि नॉर्टन ही जोडगावं आहेत. साऱ्या खोऱ्याचं पाणी त्या एका चिंचोळ्या वाटेने जायचं, म्हणजे ते तुंबणारच. 1999 आणि 2000 साली इथे मोठे पूर आले. हा त्रास जुनाच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फोर्ज व्हॅलीच्या वर 'सी कट' नावाचा कालवा खोदला गेला. पुराचं जादा पाणी त्यातून थेट स्कार्बरोच्या उत्तरेला समुद्रात जातं. बर्फाने बंद केलेली वाट माणसांनी अशी फावड्याने पुन्हा उघडली, पण फक्त पुरापुरती. एरवीची डरवेंट अजून पश्चिमेलाच वळते.