कोजागरीचं दूध कुणाला बाधतं?

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या घरातून तरी ऐकू येतंच, 'रात्रीचं दूध बाधलं.' कुणी जायफळाला दोष देतं, कुणी गच्चीवरच्या गारव्याला. कुठे मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली जाते आणि दुपारपर्यंत पोट शांत झालं की गुण आला असं वाटतं. पण तोवर त्रास देणारी साखर आतड्यातून निघून गेलेली असते, एवढंच.

ही साखर म्हणजे लॅक्टोज. लिटरभर दुधात ती साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते. दूध आटवलं की पाणी उडतं, लॅक्टोज तसंच राहतं. म्हणून मसाला दुधाचा एक पेला साध्या दुधापेक्षा जड पडतो.

लॅक्टोज तोडायला लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर लागतं. ते कमी पडलं तर न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, सोबत पाणी ओढून घेते, आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. गुडगुड, फुगणं, जुलाब हे सगळं त्यातूनच येतं. यातला थोडा हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसात जातो, म्हणून श्वास तपासूनही निदान होतं.

मला सर्वांत भावतो तो यामागचा जनुकीय दिवा, म्हणजे लॅक्टेज बनवणारं जनुक. तान्ह्या बाळात तो लख्ख पेटलेला असतो आणि अंगावरचं दूध सुटल्यावर हळूहळू मंदावतो. जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांत असंच होतं आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांतही. म्हणजे दूध न पचणं हा आजार नव्हे, तोच मूळ नियम. काहींचा दिवा मात्र विझतच नाही. २००२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना त्याचं बटण सापडलं, आणि तेही शेजारच्या घरात! लॅक्टेजच्या जनुकापासून डीएनएची १३,९१० अक्षरं अलीकडे, एमसीएम-६ नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या आत, 'सी'च्या जागी 'टी' हे अक्षर असलं की ऑक्ट-१ हे प्रथिन तिथे जास्त घट्ट चिकटतं आणि लॅक्टेजचं काम मोठेपणीही चालू राहतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले, तेव्हा युरोपातला हाच बदल इथेही सापडला. वायव्येकडे तो जास्त आहे, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाताना विरळ होत जातो. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत तेच काम वेगळ्याच अक्षराने केलंय.

मला माझं कळलं ते चाळिशीत. दोन आठवडे दूध बंद ठेवलं, मग एकेक पदार्थ परत घेत वहीत टिपत गेलो. चहातलं दूध चाललं. सकाळी उपाशीपोटी पेलाभर नाही. दही मात्र सुखाने पचलं. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं तोडणारं विकर स्वतःबरोबर पोटात नेतात. कढी उकळली की ती मदत संपते. चक्का टांगल्यावर निवळीबरोबर बरंच लॅक्टोज निथळतं. तुपात ते जवळपास नसतंच. पेढ्याच्या खव्यात मात्र ते एकवटलेलं असतं.

रक्ताच्या थेंबावरून 'तुम्हाला न चालणाऱ्या' शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्यांवर कृपया पैसे घालवू नका. त्यातली आयजीजी प्रतिद्रव्यं बहुतेक वेळा एवढंच सांगतात की तो पदार्थ तुम्ही खात आला आहात. अशा यादीपायी लोक दही-ताकही सोडतात आणि कॅल्शियम गमावतात. पचायला सोपं म्हणून विकल्या जाणाऱ्या 'ए-२' दुधाचंही तसंच. त्यात फरक प्रथिनाचा आहे, लॅक्टोज तेवढंच. दुधाची ॲलर्जी हा पूर्ण वेगळा मामला. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा प्रथिनावर उठते, अंगावर गांधी येतात, श्वास अडकू शकतो. तिथे दहीसुद्धा चालत नाही. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडेच जावं.

गेल्या कोजागरीला मी आधी पोटभर जेवलो, मग अर्धी वाटी मसाला दूध घेतलं, घोट घोट करत. रात्री पोट कुरकुरलं नाही.