शतावरी कुळाची हर्बेरियम शीट्स (कोल्हापूर)

हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह, आणि असं झाड चिकटवलेला एकेक कागद म्हणजे शीट. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) वनस्पतीशास्त्र विभागात असा एक आहे, संशोधनपर लेखांत त्याचा कोड एसयूके असा दिसतो.

शतावरी कुळ म्हणजे अ‍ॅस्परागेसी. शतावरी तर आलीच, पण रानकांदा, बांधावरचा घायपात, पावसाळ्यात भाजी करतो ती फोडशी, कुंडीतला स्नेक प्लांट, एवढंच काय गजऱ्यातला निशिगंधसुद्धा याच कुळातला, आणि हे ऐकून पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. पूर्वी यातले बरेचसे लिलिएसीत, म्हणजे लिलीच्या कुळात होते, मग डीएनएचा अभ्यास झाला आणि २००९ च्या एपीजी (डीएनएवरून फुलझाडांची कुळं ठरवणारा शास्त्रज्ञांचा गट) वर्गीकरणात सगळी एकत्र आली. त्यामुळे जुन्या शीटवर लिलिएसीच लिहिलेलं असतं. ते खोडायचं नसतं बरं का, नवीन नावाची चिठ्ठी शेजारी चिकटवायची, म्हणजे कुणी कधी काय ओळखलं ते सगळं एकाच कागदावर राहतं.

आता खरी कटकट. आंब्याची फांदी पेपरात घालून प्रेस (झाडं दाबायचं साधन) आवळला, रोज पेपर बदलला की ती वाळते. रानकांदा तसा ऐकत नाही. कांद्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यामुळे तो प्रेसमध्ये जिवंतच राहतो आणि आठवड्याने उघडून बघावं तर पिवळट कोंब पेपर ढकलून बाहेर आलेला! म्हणून कांदा उभा चिरायचा किंवा आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारायचा. शिवाय याला फुलं येतात उन्हाळ्यात, तेव्हा पान एकही नसतं, पानं येतात पावसात, मग त्याच जागी दोनदा जावं लागतं नाहीतर शीट अर्धवट. घायपाताचं पान जाड आणि काटेरी, ते अख्खं शीटवर मावतच नाही, कापून आतला गर काढून सालच वाळवायची.

शतावरीचं उलटं आहे. तिची सुईसारखी हिरवी 'पानं' खरं तर बदललेल्या फांद्या असतात, वाळली की शीट हलवताच झडतात. शीटच्या कोपऱ्यात कागदाचं छोटं पाकीट चिकटवलेलं असतं ते याचसाठी, पडलेला चुरा त्यात.

फोडशीच्या जातभाईंमध्ये, म्हणजे क्लोरोफायटममध्ये, सह्याद्रीत बऱ्याच जाती आहेत, एकीचं नावच क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स. नवीन जात जाहीर करताना तिचं नाव एका ठराविक शीटला बांधलेलं असतं, त्याला टाइप म्हणतात, पुढे वाद झाला की तीच शीट काढून बघायची. पांढरी फुलं मात्र दाबल्यावर पार पारदर्शक होतात, पाकळी कुठली ते कळत नाही, म्हणून फुलाचा रंग आणि कंदमुळं कशी होती हे तिथेच पठारावर बसून वहीत लिहायचं, घरी येऊन आठवत नाही.

जुन्या शीटांना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराईड लावायची पद्धत होती, ते विष आहे, त्यामुळे बोटाला थुंकी लावून शीट उलटायची नाही.