हृदयस्नायुशोथ

हृदयाच्या भिंतीतील स्नायूला येणारी दाहयुक्त सूज म्हणजे हृदयस्नायुशोथ. रुग्णालयात त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, मात्र तरुण पुरुषांत अधिक आढळतो. बऱ्याचदा साध्या सर्दी-तापामागून येत असल्याने सुरुवातीला तो हुकतो आणि धोका तिथेच असतो.

नेहमीचे कारण विषाणूंचे. कॉक्सॅकी बी, अॅडेनो, पार्व्हो बी १९, इन्फ्लुएंझा, कोव्हिड-१९ यांचे विषाणू हृदयस्नायूच्या पेशींना इजा करतात, पण पुष्कळसे नुकसान त्यांच्याशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीकडूनच होते. घटसर्पाची तऱ्हा वेगळी. जंतू घशातच राहतात, त्यांचे विष रक्तावाटे हृदयात पोहोचते आणि घसा सुधारू लागल्यावर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, ठोके बिघडतात. म्हणूनच ताप उतरला तरी अशा मुलाला अंथरुणावरून उठू देत नाहीत. लॅटिन अमेरिकेत शागास रोग हा परजीवीमुळे होणारा आजार मोठे कारण आहे. ब्राझीलचे कार्लुस शागास यांनी १९०९ मध्ये त्याचे वर्णन केले. आपल्याकडे डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप) आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही हृदयस्नायू सुजू शकतो. क्लोझापिन हे मानसिक आजारावरील औषध, कर्करोगावरील काही प्रतिकारशक्ती-उपचार आणि क्वचित कोव्हिडवरील एमआरएनए लशी हीसुद्धा कारणे ठरतात.

कोकणात लाल विंचवाच्या दंशानेही हृदयस्नायूला अशीच गंभीर इजा होते, पण ती संसर्गाने नव्हे. विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा उसळतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले.

छातीत दुखणे, धाप लागणे, धडधड, कमालीचा थकवा, पायांवर सूज ही लक्षणे दिसतात. कुणाला थेट चक्करच येते. तान्ह्या बाळाचे चित्र निराळे: दूध पिताना दम लागतो, कपाळावर घाम येतो, श्वास जलद होतो. हे न्यूमोनिया समजून सोडून दिले जाऊ शकते. तापाच्या मानाने नाडी फारच जलद असेल, तर हृदयाकडे बघायलाच हवे.

निदान एका तपासणीवर होत नाही. ईसीजी बदलतो, इजा झालेल्या हृदयस्नायूतून रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन वाढते, म्हणजे चित्र हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखे. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या की संशय बळावतो. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, आकुंचन किती मंदावले ते दिसते. खरी उकल एमआरआय करते: हृदयविकाराच्या झटक्यात व्रण भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो, या आजारात तो बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात असतो. एमआरआयचे निकष २००९ मध्ये ठरले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. पक्का पुरावा हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा. तुकड्यात सूज कशी ओळखायची हे ठरवणाऱ्या १९८६ च्या डॅलस निकषांनी त्याला शिस्त आणली, तरी सूज ठिकठिकाणी विखुरलेली असल्याने तुकडा निरोगी जागेचा निघू शकतो. म्हणून तो सरसकट घेत नाहीत. हृदय झपाट्याने खचत असेल तेव्हा मात्र टाळू नये. महाकाय पेशींचा (जायंट सेल) दुर्मीळ, घातक प्रकार त्यातूनच कळतो आणि त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तातडीने लागतात.

बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींचे हृदय विस्फारून कायमचे दुबळे होते. सूज असताना केलेल्या जोराच्या व्यायामाने जीवघेणी अतालता, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, उद्भवू शकते. म्हणून साधारणपणे ३ ते ६ महिने धावणे, कबड्डी, जिम बंद ठेवून पुन्हा तपासणी करूनच मैदानावर उतरायचे असते.